लायब्ररीची स्ट्रीमिंग फिल्म ऑफिसात लागते, विद्यार्थ्यांच्या घरी का लागत नाही?

दर सेमिस्टरला, साधारण तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी रात्री, मला तोच मेल येतो: "मॅम, फिल्म उघडत नाहीये." सोमवारी सकाळी दहाला वर्ग असतो, चर्चा त्याच फिल्मवर असते, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी ती पाहिलेली नसते. मी ऑफिसात जाऊन तीच लिंक दाबते, तर फिल्म लगेच सुरू होते.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका राज्य विद्यापीठात दक्षिण आशियाई सिनेमा शिकवते. सुरुवातीची दोन वर्षं मी अशा मेलला "माझ्याकडे तर चालतेय, ब्राउझर बदलून बघ" एवढंच उत्तर पाठवत होते. मग एका मुलीनं सांगितलं की तिनं पदरचे चार डॉलर भरून फिल्म भाड्यानं घेतली आणि पाहिली. लायब्ररीनं तिच्यासाठी ती फिल्म आधीच पैसे मोजून घेतलेली होती. दिवसा शिकून रात्री कॅफेत काम करणारी मुलगी. तिचे ते चार डॉलर माझ्या एका चुकीच्या लिंकमुळे गेले, हे कळल्यावर मी लायब्ररीत जाऊन बसले आणि घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते समजून घेतलं. आता ही अडचण माझ्या वर्गात क्वचित येते. लायब्ररीच्या फिल्म शिकवण्यात वापरणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी भेटतेच, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लिंक म्हणजे फिल्म नव्हे

विद्यापीठाच्या आवारातल्या सगळ्या यंत्रांचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर यंत्र ओळखायचे क्रमांक, ठरावीक पट्ट्यातले असतात. लायब्ररी हा पट्टा फिल्म पुरवणाऱ्या सेवेला, म्हणजे कॅनोपी, अलेक्झांडर स्ट्रीट, स्वँक, डॉक्युसीक यांच्यासारख्यांना कळवून ठेवते. मी ऑफिसातून लिंक दाबली की ती सेवा माझा पत्ता बघते, "ही या विद्यापीठातली" असं ओळखते आणि दार उघडते. मला पासवर्ड कुणी विचारतच नाही, त्यामुळे मध्ये दार आहे हेच माझ्या लक्षात येत नाही.

विद्यार्थी घरी असतो. त्याचा पत्ता त्याच्या इंटरनेट कंपनीचा असतो. त्याला आधी लायब्ररीच्या प्रॉक्सीतून यावं लागतं, म्हणजे विद्यापीठाचं लॉगिन करून लायब्ररीच्या सर्व्हरमार्फत त्या सेवेकडे जावं लागतं. पुष्कळ ठिकाणी यासाठी इझीप्रॉक्सी नावाचं सॉफ्टवेअर असतं. काही ठिकाणी शिबोलेथ किंवा ओपनअथेन्स या लॉगिनच्या व्यवस्थांमधून थेट लॉगिन होतं. मार्ग कुठलाही असो, तो लिंकमध्येच लिहिलेला असावा लागतो.

आणि आपण काय करतो? ऑफिसात फिल्म लावतो, ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करतो आणि अभ्यासक्रमात चिकटवतो. त्या पत्त्यात प्रॉक्सीचा मार्ग नसतो, कारण ऑफिसात बसलेल्या मला त्याची गरजच पडलेली नसते. विद्यार्थी त्या लिंकवरून थेट कंपनीच्या दारात जाऊन उभा राहतो. कंपनी त्याला ओळखत नाही, आणि नवं खातं उघडण्याचं किंवा पैसे भरण्याचं पान दाखवते.

वरच्या पट्टीतला पत्ता अजिबात घेऊ नका. फिल्मच्या पानावर "शेअर", "पर्मालिंक" किंवा "एम्बेड" असं बटण असतं, त्यातली कायमची लिंक घ्या आणि तिच्यात प्रॉक्सी आहे ना ते बघा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये ती फिल्म शोधा आणि तिथली लिंक घ्या. ती लायब्ररीच्याच लोकांनी बनवलेली असते आणि तिच्यात प्रॉक्सी आधीच असतो. इझीप्रॉक्सीची नीट बनलेली लिंक ओळखायला सोपी आहे. आधी लायब्ररीच्या प्रॉक्सीचा पत्ता, मग तिरपी रेघ आणि "लॉगिन" हा शब्द, प्रश्नचिन्ह, "यूआरएल", बरोबरचं चिन्ह (=), आणि त्यापुढे फिल्मचा पूर्ण मूळ पत्ता. प्रॉक्सीचा पत्ता दोनदा आलेला दिसला तर तेही चूक आहे. काही सेवांचं शेअर बटण प्रॉक्सी आधीच लावून देतं, आणि आपण सावधगिरीनं तो पुन्हा जोडतो. मी हे एका अख्ख्या सेमिस्टरच्या नऊ लिंकांना केलं होतं आणि नऊच्या नऊ बंद पडल्या होत्या.

दोन मिनिटांची तपासणी

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तपासून काही उपयोग नाही. फोन घ्या, त्याचं वायफाय बंद करा म्हणजे तो मोबाइल डेटावर येईल, ब्राउझरची खासगी खिडकी उघडा आणि अभ्यासक्रमातली लिंक दाबा. आता तुम्ही विद्यार्थ्याच्या जागी आहात. काय दिसतं, त्यावरून अडचण कुठं आहे ते कळतं.

विद्यापीठाचं लॉगिन आलं आणि त्यानंतर फिल्म सुरू झाली, तर लिंक ठीक आहे. लॉगिन न येता थेट कंपनीचं पान आलं, तर लिंकमध्ये प्रॉक्सी नाही. विद्यापीठाचंच एक साधं पांढरं पान आलं आणि त्यावर, हा पत्ता वापरण्यासाठी प्रॉक्सीच्या व्यवस्थापकानं आधी परवानगी द्यायला हवी अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असला, तर बहुधा फिल्मच्या सेवेनं स्वतःचा पत्ता बदलला आहे आणि लायब्ररीच्या यादीत नवा पत्ता अजून चढलेला नाही. इथं तुमच्या हातात काही नसतं. त्या पानाचा फोटो काढून लायब्ररीला पाठवा. त्यांच्या दृष्टीनं ते काही ओळींचं काम आहे, पण कुणी कळवल्याशिवाय त्यांना ते दिसत नाही, कारण तेही कॅम्पसवरच बसलेले असतात.

लॉगिन झालं, फिल्मचं पान आलं, पण "तुमच्या संस्थेला ही फिल्म उपलब्ध नाही" असं लिहिलेलं आहे? मग प्रश्न लायसन्सचा आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आणि पान नीट दिसतं, पण चौकटीत नुसतं काळं किंवा गोल फिरणारं चक्र? मग आधी हे बघा की फिल्म मूडल किंवा कॅनव्हासच्या, म्हणजे वर्गाचा अभ्यासक्रम ठेवायच्या साइटच्या, पानातच बसवली आहे का. एका साइटच्या पोटात दुसऱ्या साइटचा प्लेयर बसवला की ब्राउझर त्या दुसऱ्या साइटच्या कुकीज, म्हणजे आलेल्याला ओळखायच्या नोंदी, परक्या मानतो. अॅपलच्या सफारी ब्राउझरनं २०२० पासून अशा परक्या कुकीज मुळातच बंद ठेवल्या आहेत. मग प्लेयरला आत आलेला विद्यार्थी ओळखताच येत नाही. वर्गातल्या मॅकवाल्या मुलांच्या तक्रारी जास्त असतील तर कारण बहुधा हेच. मी आता फिल्म पानात बसवतच नाही. नुसती लिंक देते आणि ती नव्या खिडकीत उघडेल अशी ठेवते. पान दिसायला थोडं ओकंबोकं वाटतं, पण फिल्म लागते.

नाशिकहून आलेला मेल

ही अडचण मला सगळ्यात उशिरा समजली, आणि परदेशी विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना भारतातल्या घरून फिल्म बघताना ती हमखास येते.

२०२० च्या फॉल सेमिस्टरमध्ये व्हिसा न मिळालेली बरीच नवी मुलं आपापल्या घरूनच वर्गाला बसत होती. माझ्या वर्गात नाशिकची एक मुलगी होती. आमचा सकाळी दहाचा वर्ग तिच्याकडे रात्री साडेआठला असायचा. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या आणि ती घाईनं माइक बंद करायची. तिनं लिहिलं, "मॅम, लॉगिन होतंय, फिल्मचं पान येतंय, नाव, वर्णन, पोस्टर सगळं दिसतंय. प्ले दाबलं की एरर येतो." मी फोनवर तपासलं, तर लिंक चालत होती. तिला ब्राउझर बदलायला लावला, कुकीज पुसायला लावल्या, भावाचा लॅपटॉप घ्यायला लावला. तिनं सगळं निमूटपणे केलं. तीन दिवस त्यात गेले आणि फिल्म काही लागली नाही.

खरं कारण आमच्या मीडिया लायब्रेरियन बाईंनी सांगितलं. प्रॉक्सी पानं स्वतःमार्फत आणतो, म्हणून फिल्मच्या सेवेला पान मागणारी व्यक्ती विद्यापीठातली वाटते. पण फिल्म ही जड गोष्ट. ती अनेकदा प्रॉक्सीतून जात नाही, वितरणाच्या वेगळ्या सर्व्हरवरून थेट बघणाऱ्याच्या ब्राउझरकडे येते. त्या सर्व्हरला तिचा खरा पत्ता दिसतो, आणि तो भारतातला असतो. त्या फिल्मचं लायसन्स फक्त उत्तर अमेरिकेपुरतं होतं. म्हणून पान मिळालं आणि फिल्म अडवली गेली. अशा वेळी ब्राउझर कितीही बदलला तरी काही होत नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी मी पाळते. एक, सुट्टीत घरी जाणारी किंवा परदेशातून शिकणारी मुलं वर्गात असतील, तर लायब्ररीला आधीच विचारते की या फिल्मच्या लायसन्समध्ये देशाची अट आहे का. आणि "पान येतं, फिल्म येत नाही" अशी तक्रार परदेशातून आली, तर त्या विद्यार्थ्याचा एक मिनिटही ब्राउझर बदलण्यात घालवत नाही.

विद्यापीठाचा व्हीपीएन, म्हणजे घरचं यंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कला जोडणारी सोय, वापरून बघावा का, असं मुलं विचारतात. पुष्कळ विद्यापीठांचा व्हीपीएन फक्त विद्यापीठाच्या साइटकडे जाणारी रहदारी आतून नेतो आणि बाकीची घरच्या जोडणीवरूनच सोडतो. मग फिल्म भारतातल्याच पत्त्यावर येते आणि अडते. सगळी रहदारी आतून नेणारा पर्याय असेल तर तांत्रिकदृष्ट्या फिल्म लागेलही, पण ते लायसन्सला धरून आहे की नाही हे लायब्ररीनं सांगायचं असतं. आपण विद्यार्थ्याला परस्पर तसा सल्ला देऊ नये. नाशिकच्या मुलीसाठी आम्ही त्याच विषयावरची, देशाची अट नसलेली दुसरी फिल्म शोधली. तिनं त्यावर लिहिलेला निबंध त्या वर्षीचा सगळ्यात चांगला होता.

गेल्या वर्षी होती, यंदा नाही

डीव्हीडी लायब्ररीच्या मालकीची असायची. स्ट्रीमिंग फिल्म बहुतेक वेळा भाड्याची असते, एक वर्षाची किंवा तीन वर्षांची. मुदत संपली की ती गपचूप नाहीशी होते. कॅटलॉगमध्ये नाव कधीकधी तसंच राहतं, म्हणून आपण समजतो की फिल्म आहे.

काही लायब्रऱ्यांमध्ये मागणीनुसार खरेदीची पद्धत आहे किंवा होती. म्हणजे हजारो फिल्म यादीत दिसतात, पण लायब्ररीनं त्यांचे पैसे भरलेले नसतात. कॅनोपीची ही पद्धत प्रसिद्ध आहे. एखादी फिल्म तीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ चार वेळा पाहिली गेली की तिचं वर्षाचं लायसन्स आपोआप लागू होतं आणि लायब्ररीला साधारण दीडशे डॉलरचं बिल जातं. विद्यार्थ्यांना ही सोय फार आवडली, आणि त्यामुळेच खर्च लायब्रऱ्यांच्या हाताबाहेर गेला. न्यूयॉर्कच्या तिन्ही मोठ्या सार्वजनिक ग्रंथालय व्यवस्थांनी २०१९ मध्ये कॅनोपी बंद केली ती खर्चामुळेच. अनेक विद्यापीठांनी आता मधे माणूस बसवला आहे. शिक्षकानं अर्ज करायचा आणि लायब्ररीनं बघून फिल्म घ्यायची.

आपल्याला याचा अर्थ एवढाच की गेल्या वर्षीचा अभ्यासक्रम तसाच कॉपी करून पुढच्या वर्षी चालत नाही. मी सेमिस्टर सुरू होण्याच्या सहा आठवडे आधी फिल्मची पूर्ण यादी लायब्ररीला पाठवते. नाव, दिग्दर्शक, वर्ष, कुठल्या आठवड्यात हवी, किती विद्यार्थी, कुणी देशाबाहेर आहे का, आणि सबटायटल कोणत्या भाषेचे हवेत. शेवटची गोष्ट भारतीय फिल्मच्या बाबतीत आवर्जून लिहा, कारण एकाच फिल्मच्या दोन प्रती असतात आणि एकीला इंग्रजी सबटायटल असतात, दुसरीला नसतात. वर्गात ऐकू न येणारा विद्यार्थी असेल तर नुसते सबटायटलही पुरत नाहीत. दार वाजलं, पाऊस सुरू झाला, पडद्यामागून कुणी हाक मारली, हेही लिहून दाखवणारे कॅप्शन त्याला लागतात. त्याची सोय व्हायला वेळ लागतो.

सहा आठवडे जास्त वाटतील. पण एखादा भारतीय माहितीपट कुठल्याच मोठ्या सेवेवर नसेल, तर लायब्ररीला वितरक शोधावा लागतो आणि कित्येकदा हक्क थेट दिग्दर्शकाकडेच असतात. लायब्ररीनं थेट त्यांना पैसे देऊन फिल्म घेतलेली मी दोनदा पाहिली आहे. अशी खरेदी झाली की मला मनापासून बरं वाटतं, कारण पैसे फिल्म करणाऱ्याच्या हातात जातात. पण त्याला पत्रव्यवहार, करार आणि बँकेचे सोपस्कार यात महिना सहज जातो.

वर्गातला काळा पडदा

झूमवर स्क्रीन शेअर केली की आवाज येतो आणि चित्र काळं. हा बिघाड नाही. फिल्मची नक्कल होऊ नये म्हणून प्लेयरमध्ये कुलूप असतं, क्रोममध्ये वाइडवाइन, सफारीत फेअरप्ले, आणि स्क्रीन शेअर करणं त्या कुलपाच्या नजरेत नक्कल करण्यासारखंच असतं. ते चुकवायच्या युक्त्या नेटवर सापडतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका, लायब्ररीनं केलेला करार तुम्ही मोडत असता. प्रत्येकानं आपापल्या घरी लिंक उघडायची, मी "तीन, दोन, एक" म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम प्ले दाबायचं, हे आम्ही करतो. चॅटमध्ये मुलं सतत लिहीत असतात, आणि कधीकधी प्रत्यक्ष वर्गापेक्षा जास्त बोलतात.

प्रोजेक्टरवर काळं दिसत असेल तर बहुधा मधली एखादी जुनी वस्तू दोषी असते. एचडीएमआय केबलच्या वाटेवर एचडीसीपी नावाचं वेगळं कुलूप असतं, ते वाटेवरच्या प्रत्येक यंत्राला समजावं लागतं, आणि जुने स्विचर किंवा प्रोजेक्टर ते समजू शकत नाहीत. लॅपटॉपऐवजी वर्गातल्या कॉम्प्युटरवरून लावून बघा, किंवा मधला स्विचर काढून केबल थेट जोडा.

स्वतःच्या घरच्या सबस्क्रिप्शनवरून वर्गात फिल्म दाखवण्याचा मोह होतो. अमेरिकेत समोरासमोरच्या वर्गात फिल्म दाखवायला कायदा मोकळीक देतो, पण घरचं खातं घेताना आपण "वैयक्तिक वापरासाठी" या अटीला होकार दिलेला असतो. काही माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची वेगळी परवानगी असते, ती त्या सेवेच्या साइटवर शोधा. पुण्या-मुंबईत शिकवणाऱ्या मैत्रिणीही हे विचारतात. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, प्रेक्षक फक्त शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असतील तर शैक्षणिक कामाचा भाग म्हणून फिल्म दाखवायला सूट आहे. कॉलेजच्या फेस्टमध्ये बाहेरच्यांना बोलावलं की ही सूट राहत नाही. आणि फिल्मची प्रत कुठून आणायची, हा प्रश्न कायदा सोडवत नाही.

तुकडे करून देण्याबद्दल एक लहानशी गोष्ट. बऱ्याच सेवांवर फिल्ममधला तीन-चार मिनिटांचा भाग कापून त्याची वेगळी लिंक बनवता येते. तो भाग आपल्या खात्यात बनतो, आणि खासगी राहिला असेल तर आपल्याला दिसतो, मुलांना नाही. सेटिंगमध्ये तो संस्थेतल्या सगळ्यांसाठी खुला करा. ते जमत नसेल तर पूर्ण फिल्मची लिंक द्या आणि शेजारी "४२:१० ते ४५:३०" असं लिहा. मला हाच मार्ग जास्त आवडतो. मुलं ठरवलेल्या जागेच्या थोडं आधीपासून बघायला लागतात आणि पुष्कळदा पुढेही बघत राहतात.

पहिल्या आठवड्याचं काम

आता मी रविवारच्या मेलची वाट बघत नाही. पहिल्याच आठवड्यात मुलांना एक बिनगुणांचं काम देते. घरून, स्वतःच्या यंत्रावर, पहिल्या फिल्मची लिंक उघडा आणि सुरुवातीचं एक मिनिट बघा. त्या मिनिटात एक खूण दिसते, एखादी सायकल किंवा भिंतीवरचं कॅलेंडर. ती मला लिहून पाठवा. फिल्म दिसली नाही तर तीन गोष्टी पाठवा: पडद्याचा पूर्ण फोटो, वरची पत्त्याची पट्टी दिसेल असा, कुठलं यंत्र आणि कुठला ब्राउझर, आणि तुम्ही या क्षणी कुठल्या गावात आहात.

हे काम देण्याआधी लायब्ररीकडून खात्री करून घ्या की त्या फिल्मचं लायसन्स आधीच घेतलेलं आहे. नाहीतर मागणीनुसार खरेदी असलेल्या ठिकाणी मुलांचं ते एक-एक मिनिट तीस सेकंदांच्या पुढे जातं, आणि फिल्म शिकवायची की नाही हे ठरायच्या आत लायब्ररीला बिल जातं.

या सेमिस्टरला चोवीसपैकी तिघांना फिल्म दिसली नाही. एकाच्या फोनवर प्रॉक्सीचं ते पांढरं पान आलं होतं, लायब्ररीनं ते त्याच दुपारी दुरुस्त केलं. एकीनं माझी लिंक न वापरता नावानं शोधून भलतंच पान उघडलं होतं. तिसरा अजून टोरांटोत मामाकडे होता, आणि त्याच्यासाठी देशाची अट तपासली तर कॅनडा त्यात होता, अडचण त्याच्या जुन्या टॅबलेटची निघाली. मंगळवारपर्यंत तिघांनीही सायकलचा रंग लिहून पाठवला.